उलटीचा रंग

आमच्या अंबाजोगाईत लेकरू पोट धरून बसलं की आधी बेंबी सरकली म्हणतात, मग जंत, मग नजर. माझ्या भाचीचा मुलगा सात वर्षांचा होता. महिन्यातून एकदोनदा कळवळायचा, उलटी करायचा आणि दुसऱ्या दिवशी गोट्या खेळायचा. शाळा बुडवायची सोंगं, असं मीही म्हणालो. जंताचं औषध झालं, तावीज झाला. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, ''उलटीचा रंग कसा असतो?'' भाची म्हणाली, ''हिरवा.'' हिरवा रंग आम्हाला किती प्रिय! पण डॉक्टरांचा चेहरा बदलला. हिरवं म्हणजे पित्त, आणि पित्त उलटं येतंय म्हणजे खाली आतड्याची वाट अडलेली असू शकते.

मुलाचं आतडं जन्मतःच नीट वळलेलं नव्हतं. गर्भाचं आतडं काही आठवडे नाळेच्या मुळाशी, पोटाबाहेर वाढतं आणि आत परतताना २७० अंशांत फिरून जागेवर बसतं. हे वळण अर्धवट राहिलं तर आतडं अरुंद देठावर लोंबतं. बहुतेकांत हे पहिल्या महिन्यातच उघड होतं. काहींत मात्र पीळ बसतो, सुटतो आणि वर्षानुवर्षं 'पोटदुखी' म्हणून खपून जातो. पीळ घट्ट बसला तर रक्त तुटून काही तासांत आतडं मरतं. औषध पाजून काढलेल्या एक्स-रेत हे वळण दिसतं. बोस्टनच्या विल्यम लॅड यांची १९३६ सालची शस्त्रक्रिया आजही करतात. गंमत म्हणजे तीत आतडं मूळ जागी नेतच नाहीत. पीळ सोडवून लहान आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे पसरून ठेवतात. पोरगा त्यानंतर बरा झाला.

पित्तनलिका जन्मतः फुगलेली असणं हा असाच दुसरा आजार. आशियात आणि मुलींत जास्त. दुखण्यासोबत कधी डोळे पिवळे होतात. सोनोग्राफीत तो सापडतो.

श्रोतेहो, बहुतेक मुलांची पोटदुखी साधीच असते. हिरवी उलटी, पिवळे डोळे, झोपेतून उठवणारी कळ, न वाढणारं वजन, ही मात्र साधी नव्हेत.

मला काळजी आहे ऊसतोडीच्या लेकरांची. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथक शाळेत येऊन मुलं तपासतं. पण त्या दिवशी लेकरू फडावर असेल तर? कोपीत रात्री हिरवी उलटी झाली, तर मुकादमाच्या गाडीसाठी उजाडायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात पोचल्यावर आधी रंग सांगा.