जुनी पिकअप, हलके स्टिअरिंग

वडिलांच्या काळातली पिकअप विकवत नाही आणि चालवताही येत नाही, अशा पेचात अनेक घरे सापडतात. पॉवर स्टिअरिंग हा त्यावरचा चांगला उपाय आहे. मात्र तो घाईघाईत केला, तर सोय बाजूलाच राहते आणि जिवाला घोर लागतो.

बंगळूरच्या मारतहळ्ळीत बाह्य वळण रस्ता आणि जुना विमानतळ रस्ता एकमेकांना छेदतात. तिथल्या पुलाजवळ संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असतात. अशा गर्दीत पन्नास वर्षांची पिकअप वळवणे म्हणजे काय, हे चालवणाऱ्याच्या खांद्यांनाच ठाऊक! गाडी वेगात असताना स्टिअरिंगचे वजन फारसे जाणवत नाही. पण जागच्या जागी चाके फिरवायची असली, गाडी मागे घेऊन गल्लीत घालायची असली, की दोन्ही हातांनी जोर लावता लावता घाम फुटतो.

मग घरात बोलणी सुरू होतात. वडिलांचा खांदा साठीनंतर साथ देत नाही. सुनेकडे परवाना असतो, पण या गाडीची किल्ली हातात घ्यायला ती कचरते. मुलगा म्हणतो, ‘‘विकून टाकू या.’’ आणि ज्यांनी याच गाडीतून दुकानाचा माल वाहिला, लग्नाचे वऱ्हाड नेले, ते काही न बोलता दुसऱ्या खोलीत निघून जातात.

गाडी विकण्याआधी एक प्रश्न मात्र विचारायला हवा. गाडी खरोखरच निकामी झाली आहे, की फक्त तिचे स्टिअरिंग जड आहे?

एक जुना धागा

मारतहळ्ळीच्या शेजारीच विमानांचा कारखाना आहे. तिथे तयार झालेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानावरून गावाला हे नाव पडले, असे काही जण सांगतात. हा कारखाना १९४०मध्ये ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ या नावाने सुरू केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने. याच वालचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने, डॉज आणि फार्गो या मालवाहू गाड्या बाहेर पडू लागल्या.

विशेष म्हणजे पॉवर स्टिअरिंग असलेली मोटार बाजारात प्रथम आणली तीही क्रायस्लरनेच. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६मध्येच तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग एका गाडीत बसवून दाखवले होते. पण खर्चामुळे मोटार कंपन्यांनी ते बाजूला ठेवले. अखेर १९५१च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये ते ग्राहकाला मिळाले. आपल्याकडच्या मालगाड्या मात्र पुढे कितीतरी वर्षे चालकाच्या दंडातल्या ताकदीवरच वळत राहिल्या.

आधी दुखणे ओळखा

पॉवर स्टिअरिंग बसवण्यापूर्वी एक रविवार गाडीखाली घालवावा. इंजिनाचे सगळे वजन पुढच्या चाकांवर असते आणि टायर रस्त्याला जितका चिकटतो, तितके त्याला फिरवणे कठीण जाते. पण पुष्कळदा जडपणाचे कारण याहून साधे असते. टायरमध्ये हवा कमी असते. किंग पिनला वर्षानुवर्षे ग्रीस मिळालेले नसते. जुन्या बॉक्समधले तेल आटलेले असते. मूळ टायरपेक्षा रुंद टायर घातलेले असतात.

पुढची चाके जॅकवर उचलावीत, स्टिअरिंगपासून येणारी ड्रॅग लिंक सोडवावी आणि चाके हाताने फिरवून पाहावीत. तरीही ती जड वाटली, तर दोष बॉक्समध्ये नाही, किंग पिनमध्ये आहे. टाय रॉडची टोके खिळखिळी असतील, तर तीही आधी बदलावीत. झिजलेल्या पुढच्या भागावर पॉवर स्टिअरिंग बसवले, तर दुखणे बरे होत नाही, फक्त कळेनासे होते. आणि न कळणारे दुखणे रस्त्यावर जास्त धोक्याचे!

या दुरुस्तीनंतर काही गाड्या इतक्या सुधारतात, की पुढचा खर्चच वाचतो.

तेलाचे की विजेचे?

तरीही पॉवर स्टिअरिंग हवेच असेल, तर दोन मार्ग आहेत. पहिला तेलाच्या दाबाचा. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेल दाबून स्टिअरिंग बॉक्समध्ये पाठवतो आणि आपण चक्र ज्या बाजूला फिरवू, त्या बाजूला ते तेल आतला दट्ट्या ढकलते. टायरमधल्या हवेपेक्षा या तेलाचा दाब कितीतरी पटींनी जास्त असतो. म्हणून त्याची नळी याच कामासाठी बनवलेली हवी. साधी रबरी नळी क्लॅम्प लावून बसवणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

दुसरा मार्ग विजेचा. स्टिअरिंगच्या दांड्यावर मोटर बसते. पंप, तेल, नळ्या यांची कटकट नाही. पण ही मोटर जोर लावताना भरपूर वीज ओढते. जुन्या डायनॅमोला ते झेपत नाही. काही जुन्या गाड्यांची वीजव्यवस्था तर सहा व्होल्टचीच असते. तेव्हा १२ व्होल्टची व्यवस्था, चांगला अल्टरनेटर आणि जाड वायर यांचा खर्च आधी धरावा लागतो.

जुन्या जीपच्या बाबतीत आपल्याकडचे कारागीर बहुधा पहिला मार्ग धरतात. ते बोलेरोसारख्या गाडीचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स आणि पंप वापरतात. त्याचे सुटे भाग देशात मिळतात, हा मोठा फायदा. परदेशातून तयार संच मागवण्याचा मोह होतो. पण अमेरिकेतले संच डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्यांसाठी असतात. आपल्या उजव्या बाजूच्या गाडीत ते तसेच्या तसे बसत नाहीत.

इथे चूक महागात पडते

बॉक्स कुठे आणि कसा बसतो, यावर सगळे अवलंबून आहे. त्याचा पिटमन आर्म कोणत्या दिशेने झुलतो, हे आधी तपासायला हवे. दिशा चुकली, तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर चाके डावीकडे वळतील! ड्रॅग लिंकचा कोन बिघडला, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढली जाईल.

पॉवर स्टिअरिंगमुळे चॅसीवरचा ताणही वाढतो. बॉक्स नुसत्या पातळ पत्र्यावर आवळला, तर काही महिन्यांत तिथे तडा जातो. त्यासाठी जाड पट्टी आणि बोल्टभोवती नळीचा आधार लागतो. पिटमन आर्म तापवून वाकवणे किंवा स्टिअरिंगचा दांडा कापून गल्लीच्या कोपऱ्यावर वेल्डिंग करून घेणे, हे कधीही करू नये. तो सांधा तुटला, तर ब्रेक लावण्याखेरीज हातात काहीच उरत नाही.

काम झाल्यावर तेलातली हवा काढावी लागते. पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे आणि तेल भरत राहायचे. पुढेही चाके अगदी टोकाला वळवून तशीच दाबून धरू नयेत. त्याने पंप तापतो आणि खराब होतो.

कागदपत्रे विसरू नका

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांविषयी आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून फिटरकडे जाण्याआधी परिवहन कार्यालयात जावे आणि जे उत्तर मिळेल, ते लेखी घ्यावे. विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर हा बदल उघड होण्यापेक्षा आधीच सांगितलेला बरा.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. २०२१च्या नियमांनुसार वैयक्तिक वापराच्या अशा गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. पण ती मूळ स्वरूपात असली पाहिजे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. शिवाय अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तेव्हा गाडी रोज वापरायची, की जपून ठेवायची, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून आधी ठरवावे. एकदा चॅसी कापली, की मग पश्चात्तापाचा उपयोग नसतो.

परतीची वाट ठेवा

जाणता कारागीर म्हणूनच चॅसी कापत नाही. शक्य तिथे तो मूळचीच भोके वापरतो आणि नवे भाग बोल्टने बसवतो, म्हणजे पुढे कधी वाटले, तर सगळे पूर्ववत करता येते. काढलेला जुना बॉक्स भंगारात देऊ नये. त्याला ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून, बोल्टसह माळ्यावर ठेवावा. नातवंडांपैकी कुणाला गाडी जशी होती तशी करावीशी वाटली, तर तो त्यांच्या कामी येईल.

पहिली फेरी रविवारी पहाटे, मोकळ्या मैदानात घ्यावी. हलक्या स्टिअरिंगची सवय व्हायला वेळ लागतो. जुन्या बॉक्सपेक्षा याला फेऱ्या कमी लागतात, त्यामुळे वेगात गाडी अपेक्षेपेक्षा जास्त वळते. अगदी सावकाश चालवताना एकदा इंजिन बंद करूनही पाहावे. मात्र किल्ली काढू नये. पंप थांबतो, स्टिअरिंग एकदम जड होते, पण चाके वळतात. हे आधी माहीत असले, तर भर रस्त्यात इंजिन बंद पडल्यावर माणूस घाबरत नाही.

एवढे झाले, की वडिलांनी शेजारच्या सीटवर बसावे आणि किल्ली सुनेच्या हाती द्यावी. गाडी तीच, तिचा आवाजही तोच. फरक एवढाच, की ती आता घरातल्या सगळ्यांची झालेली असेल.