आईच्या चुलीचा हिशेब कलादालनात

कला म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्याची शोभा, असा आपल्या वस्त्यांमधून समज आहे आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. कारखान्यात, गोदीत किंवा महापालिकेच्या सफाई खात्यात घाम गाळणाऱ्या माणसाचे पाय कलादालनाच्या काचेच्या दाराशी आजही अडखळतात. परंतु त्याच दालनात आपल्या आया-बहिणींची चूल, त्यांचे पाणी आणि त्यांची उपासमार मांडली जात असेल, तर तिकडे पाठ फिरवून चालणार नाही. म्हणूनच पुण्याच्या तरुण कलावंत राज्यश्री गुडी यांच्या कामाची ओळख आमच्या वाचक बंधू-भगिनींना करून द्यावी असे आम्हाला वाटते.

राज्यश्री यांचा जन्म १९९० चा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी समाजशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठातून त्यांनी दृश्य मानववंशशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविली. २०२१ ते २०२३ या काळात नेदरलँडमधील ॲमस्टरडॅम येथील राईक्सअकादमी या नामवंत कलासंस्थेत त्या निवासी कलावंत होत्या. रंग आणि कुंचला एवढीच त्यांची साधने नाहीत. भाजलेली माती, कागदाचा लगदा, छायाचित्रे आणि छोट्या पुस्तिका यांतून त्या आपले म्हणणे मांडतात.

पाण्याची जात

२० मार्च १९२७ रोजी प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याची 'शुद्धी' केली. शेणाने पाणी शुद्ध होते, पण माणसाच्या ओंजळीने बाटते! या घटनेला ९० वर्षे झाली, त्या २०१७ साली राज्यश्री यांनी १०८ पेल्यांत पंचगव्य मांडून 'पाण्याची जात कोणती?' असा सवाल करणारी कलाकृती सादर केली. २०२२ साली दिल्लीत भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनाचे नावही 'पाणी चवदार आहे का?' अशा अर्थाचेच होते. ज्यांना ते पाणी पिऊच दिले नाही, त्यांनी त्याची चव सांगावी तरी कशी, असा हा प्रश्न आहे.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. राज्यश्री यांनी त्याच ग्रंथाच्या प्रती हातांनी फाडून त्यांचा लगदा केला आणि त्या लगद्यातून कलाकृती घडविल्या. स्त्रिया आणि शूद्र यांना ज्ञानापासून दूर ठेवणाऱ्या ग्रंथाचा कागद एका शिकलेल्या मुलीच्या हाताखाली कच्चा माल झाला. आजकाल टाकाऊतून टिकाऊची बरीच चर्चा चालते. याहून टाकाऊ वस्तू आणि याहून चांगला उपयोग आम्हाला तरी सुचत नाही.

मोजमाप नसलेल्या पाककृती

त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र अन्नाविषयीचे आहे. दलित लेखक-लेखिकांच्या लिखाणात जिथे जिथे जेवणाचा उल्लेख येतो, तो उतारा घेऊन त्या त्याची पाककृती तयार करतात. कौटुंबिक मासिकात 'अर्धी वाटी तूप, दोन चमचे साखर' असे लिहिलेले असते. या पाककृतींत तसे माप नाही. जे मिळेल ते आणि मिळेल तेवढे, हेच माप! शिवाय मूळ लेखकाचा 'मी' बदलून त्या वाचणाऱ्याला उद्देशून लिहितात. त्यामुळे पोटभर जेवून प्रदर्शनाला आलेल्या माणसालाही क्षणभर त्या रिकाम्या चुलीपुढे बसावे लागते.

हा ठेवा आपल्या भगिनींनीच जपून ठेवलेला आहे. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही आत्मकथने १९८६ साली पुस्तकरूपाने आली. उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ चे. त्यांच्या आईने बांबूच्या टोपल्या, सुपे विणून मुलांना वाढविले. ज्यांच्या घरी ही पुस्तके नाहीत त्यांनी ती अवश्य मिळवावीत.

येथे काही वाचक विचारतील, बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळे-उष्टे सोडायला सांगितले, ते आपण सोडले; मग ते पुन्हा चव्हाट्यावर कशाला? शंका रास्त आहे. पण सोडणे वेगळे आणि विसरणे वेगळे. स्वतः बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ शोधताना कोण काय खात होते याचा कसून अभ्यास केला. त्यांनी लाज बाळगली नाही, हिशेब मांडला. उपाशी राहिलेल्यांनी मान खाली का घालावी? ज्यांनी उपाशी ठेवले त्यांच्या नावावर ही बाकी निघते.

काटकसर की सक्ती?

अलीकडे पर्यावरणाच्या चर्चेत गरिबांच्या राहणीचे मोठे कौतुक होते. जुन्या लुगड्यांची गोधडी, वाळलेल्या भाकरीचे शिजवलेले तुकडे, बांधावरची घोळ, तांदुळजा, कुरडूची भाजी, दोरीवर वाळवलेल्या मांसाच्या चान्या, काही म्हणजे काही वाया जात नसे. हे ज्ञान खरे आहे आणि ते आपल्या स्त्रियांचे आहे. परंतु ते हौसेने आलेले नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर जी टोपले खरवडून खात होती, तिला कोणी पर्यावरणप्रेमी म्हटले नाही. तेव्हा कौतुक करायचे असेल तर आधी ती परिस्थिती कोणी लादली हेही बोलले पाहिजे. राज्यश्री यांचे काम या दोन्ही बाजू समोर ठेवते, म्हणून आम्हाला ते मोलाचे वाटते.

आमची एकच सूचना आहे. दिल्ली, ॲमस्टरडॅमची प्रदर्शने आपल्यातील बहुतेकांना पाहता येणार नाहीत. पण या कामाला लागणारा कच्चा माल प्रत्येक घरात आहे. आपली आजी, आई काय रांधत होती, पाणी कुठून आणत होती, सणाला काय करत होती, हे मुला-मुलींनी तिच्याजवळ बसून एका वहीत लिहून घ्यावे. तिचे शब्द बदलू नयेत. येत्या १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी या वह्या, जुनी गोधडी, सूप, टोपली आणि घरातील छायाचित्रे विहाराच्या सभागृहात मांडावीत. मंडळांनी डी.जे.वरचा थोडा खर्च इकडे वळविला तरी पुरेल. लिहून न घेता गेलेली प्रत्येक आजी म्हणजे जळून गेलेले एक ग्रंथालय आहे, आणि आपल्यात आता थोड्याच आज्या उरल्या आहेत.

राज्यश्री गुडी यांचे हार्दिक अभिनंदन! त्यांच्या पुढील वाटचालीस मंगल कामना.

जयभीम!