विश्लेषण : डिझाइन स्टुडिओला पाठवलेल्या मेलला उत्तर का येत नाही?

ग्राफिक डिझाइनचे शेवटचे वर्ष सुरू झाले की इंटर्नशिपची शोधाशोध सुरू होते. एकच मेल पन्नास स्टुडिओंना जातो; उत्तर एकाचेही येत नाही. असे का होते?

मेल कोण वाचतो?
अनेक स्टुडिओ मोजक्या माणसांचे असतात. तिथे वेगळा एचआर विभाग नसतो. स्टुडिओचा प्रमुखच कामाच्या गडबडीत, बऱ्याचदा मोबाइलवर, मेल उघडतो. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ने सुरू होणारा सरसकट मेल त्याला लगेच ओळखू येतो.

कोणाला लिहावे?
आधी स्टुडिओचे काम पाहावे. उदाहरणार्थ, मुंबईच्या ‘एक टाइप’ची ओळख ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारख्या फॉन्टमुळे आहे. अशा ठिकाणी दहा पोस्टरपेक्षा देवनागरी अक्षरांचा सराव जास्त बोलतो.

काय पाठवावे?
निवडक सहा-आठ कामे पुरेत. प्रत्येकाखाली आपला वाटा कोणता, हे दोन ओळींत लिहावे. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही. त्यामुळे हलकी पीडीएफ किंवा बिहान्सची लिंक बरी. ड्राइव्हची लिंक परवानगी न मागता उघडते का, हे दुसऱ्याच्या फोनवर तपासावे.

पुढे काय?
आठवड्याभराने एकदाच आठवण करावी. ‘टेस्ट’ म्हणून काम दिले, तर ते क्लायंटसाठी वापरणार का, मोबदला किती आणि पोर्टफोलिओत दाखवता येईल का, हे मेलवरच विचारून घ्यावे. नाहीतर फुकटात काम जाते आणि त्यावर नावही राहत नाही.