पाऊस कमी, तरी भिंत ओली

मुक्ताईनगर तालुक्यात घर बांधायला निघालेल्या माणसाशी ओलीचा विषय काढला, की उत्तर ठरलेलं: "आपल्याकडे पाऊसच किती पडतो? ओल कोकणातल्या घरांना." उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या भागात हे पटूनही जातं.

पण भिंतीच्या पायथ्याची ओल बहुधा खालून येते. तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवला, हतनूर धरणाचा फुगवटा पोचतो. काळी माती एकदा भिजली की ओल लवकर सोडत नाही. विटेच्या बारीक छिद्रांतून मातीतलं पाणी वर चढतं, कधी कधी तीन फुटांपर्यंत. ऊन पाणी वाळवतं, पण त्यातले क्षार भिंतीतच राहतात. भिंतीला लोणा लागतो तो असा, आणि कडक उन्हात प्लास्टर फुगून सुटायचं ते सुटतंच.

"जोत्याला काँक्रीटचा बीम आहे, मग डीपीसी कशाला?" हा दुसरा समज. डीपीसी म्हणजे जोत्यावरचा ओल अडवणारा थर. घट्ट भरलेला बीम पाणी बरंच अडवतो, हे खरं. पण त्यात पोकळ्या राहिल्या असतील तर नाही. म्हणून जोत्यावर सुमारे ४० मिमी जाडीचा १:२:४ काँक्रीटचा थर, त्यात वॉटरप्रूफिंग आणि वर डांबराचा हात. हा थर बाहेरच्या जमिनीपासून किमान १५ सेंमी उंच हवा. खरी गोची पुढे होते. गल्लीत दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावर नवं काँक्रीट पडतं, मग अंगणातही भर टाकली जाते, आणि डीपीसी मातीखाली जाते. पाण्याला तिला वळसा घालून वर जायला वाट मिळते. जोतं ठरवताना आजच्या रस्त्याकडे बघून भागत नाही. ४५ सेंमी ही कमीत कमी उंची. मी तर फूटभर जास्तच धरा म्हणेन.

विटेची पारख रंगावरून करतात. लाल रंग मातीतल्या लोहाचा, तो मजबुतीचा दाखला नव्हे. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का ते ऐका, नखाने ओरखडा उठतो का ते पाहा; पण खरी परीक्षा किराणा दुकानाच्या काट्यावर. कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर गाडी परत पाठवा. नेहमीच्या विटेसाठी भारतीय मानकाने घातलेली मर्यादा २० टक्क्यांची आहे. दीपनगरच्या औष्णिक केंद्रामुळे आपल्याकडे राखेच्या विटा भरपूर, आणि "राखेची वीट पाणी पिते" असं सर्रास बोललं जातं. तिलाही मर्यादा तीच, २० टक्के. तिचीही परीक्षा काट्यावरच घ्या.

"सिमेंट वाढवा, भिंत पक्की होईल," असं मालकच मिस्त्रीला सांगतो. नऊ इंची भिंतीला १:६ चा माल पुरतो, साडेचार इंचीला १:४. त्याहून जास्त सिमेंट घातलं तर माल आकसून बारीक तडे पडतात. तेच पैसे मिस्त्रीच्या चांगल्या हाताला द्या. आडवे सांधे तो मन लावून भरतो, उभे मात्र वरवर चोपतो, आणि पावसाचा मारा तिथूनच आत शिरतो. प्लास्टरच्या आधी, अंधार पडल्यावर, भिंतीच्या एका बाजूने बॅटरी लावा आणि दुसऱ्या बाजूला उभे राहा. जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा, सकाळी मिस्त्रीला दाखवा. सांधा १० मिमीचा, आणि ओळंबा रोज लावलेला असावा.

पाणी मारण्याबद्दलही असाच समज: "वरून वाळलं, म्हणजे झालं." आपल्याकडे बांधकामं निघतात ती रब्बी आटोपल्यावर, ऐन चैत्र-वैशाखात. अशा उन्हात कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट जोर धरायच्या आतच सुकतं. भाजलेली वीट आधी भिजवून घ्या, राखेच्या विटेवर नुसता शिंतोडा पुरे. भिंत मात्र किमान सात दिवस सतत ओली राहिली पाहिजे. दुपारी बारदान टाकलं तर उत्तमच.

राहिला वॉटरप्रूफ रंग. खालून येणाऱ्या ओलीवर तो आतून फासला, तर पाणी अडत नाही, फक्त आणखी वर चढून दुसरीकडे फुटतं. दुकानदार डबा विकेलच. त्याआधी बाहेर जाऊन जोत्याशी माती किती चढलीय ते पाहा.