खड्डा बुजण्याआधी फोटो काढा

आमच्या नेरुळच्या सोसायटीतले एक काका मागच्या पावसाळ्यात स्कूटरसकट खड्ड्यात गेले. मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. चौथ्या दिवशी मुलगा फोटो काढायला गेला, तर खड्डा खडी टाकून बुजवलेला. केसपेपरवर नोंद होती, ‘घरात पाय घसरून पडले’. पोलिसांचं लचांड नको म्हणून काकांनीच तसं सांगितलं होतं. ‘नशीब, दुसरं काय,’ असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

नशिबाचा इथे संबंध नाही. खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमीला दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये द्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे आणि मग ते दोषी कंत्राटदार किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायचे. ही सरकारने दया म्हणून दिलेली सानुग्रह मदत नव्हे, आणि ती घेतली म्हणून कोर्टाचे बाकीचे दरवाजे बंदही होत नाहीत.

‘पण रस्ता कोणाचा हेच कळत नाही!’ नवी मुंबईत हे अगदी खरं. कुठे महापालिका, कुठे सिडको, कुठे एमआयडीसी. शीव-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर-कामोठे रायगडात आणि पनवेल महापालिकेत. पण तो शोध घेत तुम्ही खिडक्या पालथ्या घालायची गरज नाही. दावे पाहायला महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती नेमायला न्यायालयाने सांगितलं आहे. सुरुवात प्राधिकरणाकडे अर्ज करून केली तरी चालते.

गाडीने उडवलं असेल तर वाट वेगळी: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. इथे सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे, ड्रायव्हरला शिक्षा झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा स्वतंत्र चालतात. गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो; दाव्यात चूक त्याचीच असण्याची शक्यता जास्त दिसली तरी पुरतं. दावा तुम्ही राहता तिथेही लावता येतो. गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाख मिळतात. त्यासाठी अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे.

मुदतीबाबत मात्र गाफील राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दावा लावायला सहा महिन्यांची मर्यादा आली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला आव्हान दिलेलं आहे आणि केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरी त्या भरवशावर बसू नये.

‘मेडिक्लेमचे पैसे मिळाले, आता काय मागणार?’ मागा. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलं. शिवाय दवाखान्याचं बिल हा दाव्याचा एक भाग झाला. खरा हिशेब बुडालेल्या कमाईचा असतो. ३२ वर्षांचा, महिना २० हजार मिळवणारा डिलिव्हरीवाला घ्या. हाताच्या दुखापतीने त्याची कमाईची ताकद ३० टक्के घटली, असं न्यायाधिकरणाने मानलं, तर वर्षाचं नुकसान ७२ हजार. त्याच्या वयाला गुणक १६. म्हणजे ११ लाख ५२ हजार. भविष्यातली पगारवाढ, उपचार, वेदना यांचे पैसे आणखी वेगळे. मेडिकल बोर्डाने दिलेला अपंगत्वाचा टक्का आणि कमाईतली घट एकच नव्हे, हेही ध्यानात ठेवा. एक बोट गेलं तर हिशेबनीसाचं आणि शिंप्याचं नुकसान सारखं कसं असेल?

वकील रकमेत टक्का मागत असेल तर तो नियमाबाहेर वागतोय. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता विधी सेवेचा मोफत वकील मिळतो.

आणि हेल्मेट नव्हतं म्हणून दावाच संपला, असंही नाही. आपली चूक ठरली तर रक्कम कमी होते, इतकंच.

काकांकडे आज बिलं आहेत, एक्स-रे आहेत. खड्ड्याचा पुरावा फक्त समोरच्या किराणावाल्याच्या कॅमेऱ्यात होता. मुलगा तिसऱ्या आठवड्यात विचारायला गेला. रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं, दुकानदार म्हणाला.