मृगयेची बंदूक : तोड्याची कीं चकमकीची?

जुन्या दप्तरांतील याद्या चाळतांना ‘बंदुका’ हा शब्द इतक्या वेळां डोळ्यांखालून जातो कीं त्याजपाशीं सहसा कोणी थांबत नाहीं. त्यापुढें ‘तोड्याची’ किंवा ‘चकमकीची’ असें विशेषण आलें म्हणजे मात्र संग्राहक त्यावरून कागदाचा काळ अजमावूं लागतात : तोडा असेल तर कागद जुना, चकमक असेल तर अलीकडचा. हा अजमास अर्धाच खरा आहे. चकमकीचा उल्लेख असेल तर कागद अमुक काळाच्या अलीकडचा असें निश्चयानें म्हणतां येतें. तोड्याच्या उल्लेखावरून मात्र तो अमुक काळाच्या पलीकडचा असें मुळींच म्हणतां येत नाहीं. कारण चकमक प्रचारांत आल्यावरहि तोड्याची बंदूक या देशांत शंभरांहून अधिक वर्षें चालूच होती. ती केवळ दारिद्र्यामुळें किंवा अडाणीपणामुळें टिकली असें मला वाटत नाहीं. हरणाच्या शिकारीपुरतें पाहिलें तर ती टिकण्यास चांगलीं कारणें होतीं, आणि तीं समजल्याखेरीज कागदांतील विशेषणांचा अर्थ नीट लागावयाचा नाहीं.

प्रथम शब्दांचा खुलासा करूं. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’ यापासून आला. त्याचा मूळ अर्थ एक प्रकारचें कवचीचें फळ, त्यावरून लहान गोळी, आणि गोळीवरून शेवटीं ती फेकणारें हत्यार. म्हणून दारूच्या पूर्वींच्या फारसी-अरबी ग्रंथांत हा शब्द दिसला तर लगेच नळी आणि धूर यांची कल्पना करूं नये. ‘बर्कंदाज’ म्हणजे शब्दशः वीज फेकणारा. कागदांत बहुधा तोड्याची बंदूक बाळगणारा प्यादा. ‘जेजाल’ ही मात्र लांब आणि जड बंदूक असून ती बुरुजावर टेकूनच मारावयाची. तिला शिकारीच्या सामानांत घालणें चूक आहे.

पाठीमागून काडतूस घालण्याची सोय होण्यापूर्वी प्रचारांतील बहुतेक सर्व हातबंदुका ठासणीच्या होत्या. नळीच्या तोंडांतून दारू ओतावयाची, वर गोळी सोडावयाची आणि गजानें ठासावयाची, एवढी क्रिया सर्वांत समान. भेद आहे तो आंतील दारूस विस्तव कसा पोंचवावा यांत. नळीच्या बुडाशीं एक बारीक छिद्र असतें, त्यास कान म्हणतात. कानापाशीं लहानसा प्याला असून त्यांत बारीक दारू घालतात, ती रंजक. रंजक पेटली म्हणजे ज्वाला कानांतून आंत शिरते व बार उडतो. तोड्याच्या बंदुकींत सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली सुताची दोरी घोड्याच्या चिमट्यांत धरलेली असते. तीच तोडा किंवा जामगी. ती धुमसत ठेवावयाची, आणि कळ दाबली कीं घोडा हलकेच खालीं येऊन निखारा रंजकेस टेकतो. चकमकीच्या बंदुकींत, जिला हिंदुस्थानींत ‘पथरकला’ म्हणतात, घोड्याच्या जबड्यांत गार बसविलेली असते. कमानीच्या जोरानें ती पोलादी पत्र्यावर आदळते, ठिणग्या पडतात, आणि त्या रंजकेंत पडल्या तर बार होतो. ‘पडल्या तर’ हे शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावे.

आतां शिकारीचें जनावर व भूमि यांचा विचार करूं. ‘मृगया’ हा शब्द मृग् म्हणजे शोधणें या धातूशीं संबद्ध आहे, आणि ‘मृग’ याचा जुना अर्थ कोणतेंहि रानटी जनावर. हरिण हा अर्थ मागाहून रूढ झाला. मराठींत ‘हरिण’ म्हणतांना आपण काळवीट आणि चिंकारा यांसहि घेतों, पण शास्त्रज्ञ त्यांस निराळ्या कुलांत घालतात, कारण त्यांचीं शिंगें पोकळ असून गळत नाहींत. सांबर आणि भेकर हीं खरीं गळत्या शिंगांचीं हरणें. हा भेद बंदुकीच्या निवडीस अत्यंत महत्त्वाचा आहे. काळवीट व चिंकारा उघड्या माळावर राहतात आणि दुरून पाहतात. सांबर-भेकर झाडींत राहून वासावर व आवाजावर विसंबतात. प्रस्तुत लेखकाचें माण हें गांव या दोन भूमींच्या सीमेवर आहे : पश्चिमेस मुळशीचे डोंगर व सह्याद्रीची झाडी, पूर्वेस पुण्याकडे मोकळा होत जाणारा प्रदेश. आज त्याच गांवाच्या शिवारांत हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या कांचेच्या इमारती उभ्या आहेत, तो भाग वेगळा. (कागदांत नुसतें ‘माण’ असल्यास आधीं तालुका पाहावा. साताऱ्याकडे दहिवडीचें माण निराळें, आणि तो दुष्काळी मुलूख उघड्या माळाचा असल्यानें तेथील शिकारीची रीतहि निराळी असणार.)

माळावरील काळविटास मारावयाचें तर जवळ जाणें कठीण; बैलाच्या आडोशानें कितीहि सरकलें तरी बार दुरूनच टाकावा लागतो. तेथें नेम महत्त्वाचा, वेग नव्हे, कारण दुसरा बार भरेपर्यंत कळप दिसेनासा झालेला असतो. या कामीं देशी तोड्याच्या बंदुकीचे तीन गुण उपयोगी पडत. पहिला, नळी लांब. सावकाश जळणाऱ्या देशी दारूस गोळी ढकलण्यास अवकाश मिळे. दुसरा, कळ दाबतांना धक्का नाहीं; चकमकीचा घोडा कमानीच्या जोरानें आदळतो, आणि तो आघात नेमाच्या ऐन क्षणीं नळीपर्यंत पोंचतो. तिसरा, निखारा रंजकेस प्रत्यक्ष टेकत असल्यामुळें कोरड्या हवेंत बार चुकण्याचा संभव थोडा. गार मात्र झिजते, सरकते, आणि वीस-तीस बारांनंतर बहुधा बदलावीच लागते. शिवाय तोड्याची कळ गांवचा लोहार दुरुस्त करूं शके. चकमकीची पोलादी कमान मोडली म्हणजे कुशल कारागीर शोधावा लागे.

लष्करी बंदूक याहून निराळ्या हेतूनें घडविली होती. इंग्रजी पलटणींची चकमकीची बंदूक पाऊण इंची तोंडाची. तींत गोळी मुद्दाम सैल ठेवीत, म्हणजे घाईनें भरतां यावी. परिणाम असा कीं शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरण्यांत अर्थ नसे. रांगेनें उभे राहून दुसऱ्या रांगेवर झाडण्यास ती उत्तम, आणि शेजाऱ्याच्या तोस्तानाजवळ जळती दोरी नको हेंहि कारण खरेंच. परंतु हे गुण शिकाऱ्याच्या कामाचे नव्हेत. पहिल्या अफगाण युद्धांत (१८३९–४२) डोंगरांवरून मारणाऱ्या अफगाणांच्या लांब नळीच्या जेझाइली इंग्रजी बंदुकांच्या टप्प्याबाहेरून काम करीत, हा अनुभव प्रसिद्धच आहे.

झाडींत मात्र पारडें फिरतें. पाणवठ्यावर रात्रीं मचाणावर बसून सांबराची वाट पाहावयाची तर तोडा तासन् तास जळत ठेवावा लागतो. त्याचा वास वाऱ्यावर जातो, अंधारांत निखारा दिसतो, दव पडलें कीं तो मंद होतो, आणि दोरीचा खर्च होतो तो वेगळाच. चकमकीची बंदूक रंजक झांकून रात्रभर निमूट ठेवतां येते. तिचा दोष शेवटच्या क्षणीं दिसतो : घोडा आदळण्याचा खटका व रंजकेचा भपका गोळीच्या आधीं होतो, आणि चपळ जनावर तेवढ्यांत उडी घेतें. पावसांत दोन्ही सारख्याच निरुपयोगी. माझें मत विचाराल तर माळावर तोडा आणि झाडींत चकमक ही निवड शहाणपणाची. आणि ज्या घरीं दोन्ही प्रकारच्या बंदुका एकाच यादींत आढळतात तेथें जुनें-नवें असा भेद कल्पिण्यापूर्वीं त्या घरचा मुलूख कोणता तें पाहावें.

एकाच काळीं दोन्ही नांदत असल्याचा सर्वांत चांगला पुरावा महादजी शिंद्यांच्या फौजेंत मिळतो. द बॉयनच्या तेलंगी पलटणींस चकमकीच्या बंदुका असत, आणि त्याच कंपूंतील नजीब लोक तोड्याच्या बंदुका वापरीत. आग्र्याच्या कारखान्यांत सँग्स्टर नांवाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखालीं नव्या धर्तीच्या बंदुका घडत असतांना ही स्थिति होती. तेव्हां १७९० च्या आसपासच्या कागदांत ‘तोडा’ आला म्हणून तो कागद शाएस्तेखानाच्या चाकणच्या वेढ्याच्या (१६६०) काळाकडे ओढण्याचें कारण नाहीं.

चकमकीचा पुरावा उलट दिशेनें किती निर्णायक ठरतो याचें उदाहरण संस्कृतांतून देतों. शुक्रनीतींत लघुनालिक म्हणून हातबंदुकीचें वर्णन आहे : नळी पांच वितस्ति लांब, बुडाशीं तिरकें छिद्र, नेम धरण्यास दोन्ही टोकांस तीळबिंदु. दारूचें प्रमाण सोरा पांच पलें, गंधक एक, कोळसा एक. गुस्ताव ओपर्ट यांनीं १८८० सालीं या भागाच्या आधारें प्राचीन भारतांत बंदुका होत्या असें प्रतिपादिलें, आणि आपल्याकडील पुष्कळांस तें गोड वाटलें. वितस्ति बारा अंगुलांची, म्हणजे सुमारें नऊ इंच; नळी पंचेचाळीस इंच झाली. ही लांबी देशी बंदुकीस अगदीं जुळते. परंतु त्याच वर्णनांत यंत्राच्या आघातानें अग्नि उत्पन्न होतो असें म्हटलें आहे, आणि आघातानें अग्नि देणें हें तोड्याचें काम नव्हे, तें चकमकीचें. ती यंत्ररचना फ्रान्सांत सतराव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झाली. मग हा भाग त्याहून जुना कसा असेल? बाराव्या शतकांतील सोमेश्वराच्या मानसोल्लासांत हरणांच्या शिकारीचे प्रकार विस्तारानें आले आहेत, रुद्रदेवाच्या श्यैनिकशास्त्रांतहि मृगयेचे भेद आहेत. दोहोंत बंदूक नाहीं. परशुराम कृष्ण गोडे यांनीं भारतांतील बंदूक व दारू यांचा इतिहास इ. स. १४०० पासून पुढें मांडला, तो मार्ग मला सुरक्षित वाटतो.

तिसरा प्रकार टोपीचा. त्याचा जन्मच शिकारींतून झाला. स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्यास पक्षी मारण्याचा नाद होता. रंजकेचा भपका पाहून पक्षी उडत, म्हणून त्यानें आघातानें स्फोट पावणाऱ्या द्रव्याचा उपयोग करून १८०७ सालीं एकस्व मिळविलें. त्यापासून पुढें तांब्याची टोपी निघाली. १८३४ सालीं वुलिच येथें सहा सहा हजार बार उडवून पाहिले, तेव्हां चकमकीचे ९२२ बार चुकले, टोपीचे अवघे ३६. यानंतर निवडीचा वाद तत्त्वतः मिटला. तरी टोप्या बाजारांतूनच आणाव्या लागत, आणि तोडा घरीं वळतां येई, म्हणून दूरच्या मुलखांत तोडा राहिलाच. अमेरिकेंत हा वाद आजहि हौसेनें चालतो. पेन्सिल्व्हेनिया संस्थानानें १९७४ सालीं हरणांसाठीं केवळ चकमकीच्या बंदुकांचा हंगाम सुरू केला, आणि १९८५ सालीं टोनी नाइट यानें नळीच्या सरळ रेषेंत मागें टोपी बसविलेली नवी ठासणीची बंदूक बाजारांत आणली.

संग्राहकांस याचा व्यवहारांत उपयोग असा. आपल्याकडील पुष्कळ बंदुकांची नळी एका काळची आणि कळ दुसऱ्या काळची असते. तोड्याच्या नळीच्या कानांत टोपीचा खुंट बसवून ती चालू ठेवण्याची पद्धत होती; अशा वेळीं दस्त्यावर जुन्या कळीची खांच बुजविलेली दिसते. कळपट्टीवर कंपनीचा हृदयाकृति शिक्का असेल तर ती पट्टी सामान्यतः १८०८ पूर्वींची, उभा सिंह असेल तर त्यानंतरची. पण ही तारीख पट्टीची, बंदुकीची नव्हे. नळीवर अंक कोरलेला असल्यास तो शक कीं संवत हें आधीं ठरवावें. दोहोंत १३५ वर्षांचें अंतर पडतें, आणि संवत असल्यास नळी उत्तरेकडून आली असण्याचा संभव अधिक.

हीं हत्यारें आतां केवळ अभ्यासाचा विषय आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें शिकार बंद झाली. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख पीकरक्षणाच्या परवान्यापुरता येतो. आणि जुन्या घडणीचें वा पुरातन मोलाचें हत्यार त्या कायद्याच्या बंधनांतून सुटतें तें दुरुस्त करूनहि उडवितां येण्याजोगें नसेल तरच. आजोबांची आठवण म्हणून भिंतीवर टांगलेली धड बंदूक या सवलतींत बसत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

आणखी एक गोष्ट. दप्तराच्या रुमालांसमवेत एखादी बंदूक हातीं आली तर ती रिकामी आहे असें समजूं नये. भरलेला बार पिढ्यान् पिढ्या तसाच राहिलेला असूं शकतो, आणि कोरडी दारू काळानें मरत नाहीं. तोंड आपल्यापासून व इतरांपासून दूर ठेवून नळींत लांकडी काठी बुडापर्यंत हलकेच सोडावी, तोंडापाशीं खूण करावी, आणि तीच काठी बाहेरून नळीशेजारीं धरावी. काठीचें टोंक कानापर्यंत पोंचलें तर नळी रिकामी. तें तीन-चार अंगुलें अलीकडे राहिलें तर आंत गोळी-दारू आहे असें समजून बार स्वतः काढण्याचा यत्न करूं नये. जवळच्या पोलीस ठाण्यास कळवून परवानाधारक कारागिराकडून तो काढून घ्यावा, आणि तोंवर त्या खोलींत दिवा-उदबत्ती लावूं नये.