कोंढा गाव आणि त्याचे पाणी

विदर्भ म्हटले म्हणजे काळी जमीन, पांढरा कापूस आणि संत्र्यांच्या बागा एवढेच ज्यांस आठवते, त्यांनी एकवार नागपूरच्या पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यात उतरून पाहावे. तेथे कापूस जवळजवळ संपतो आणि धान सुरू होते. दृष्टी पोहोचेल तेथवर लहान लहान बांध्या, त्यांच्या धुऱ्यांवर तुरीची रांग, मधून मधून मोहाचे एखादे जुने झाड, आणि दर कोस-दोन कोसांवर तलावाची हिरवी पाळ. या मुलखात, भंडाऱ्याहून पवनीस जाणाऱ्या सडकेवर, अड्याळ मागे पडल्यावर कोंढा लागते. शेजारच्या कोसऱ्याशी त्याची इतकी गट्टी जमलेली आहे की लोक दोघांचे नाव एका दमात ‘कोंढा-कोसरा’ असेच घेतात.

कोंढ्यास खेडे म्हणावे तर तेथे दुकाने आहेत, शाळा आहेत, मुलांस महाविद्यालयापर्यंत शिकण्याची सोय आहे. शहर म्हणावे तर दुकानदारापासून शिक्षकापर्यंत ज्याला त्याला मृग कधी निघाला आणि पाऊस कोठवर आला याची काळजी. भोवतालच्या वाड्यावस्त्यांचे लोक बाजारास, औषधपाण्यास, खत-बियाण्यास येथेच येतात. देशात अशी हजारो गावे असतील. त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. कारण तेथे काही घडत नाही असा समज आहे. वास्तविक आमच्या ताटातील भात तेथे घडतो, आणि तो कसा घडतो हे आमच्या सुशिक्षित घरांतून फारसे कोणास ठाऊक नसते.

या मुलखास लोक झाडीपट्टी म्हणतात आणि येथील बोलीस झाडीबोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला. तीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. ‘श’ आणि ‘ष’ यांचे काम एकटा ‘स’ करतो. पाण्याचे ‘पानी’ होते आणि डोळ्याचा ‘डोरा’. आमच्या मास्तरकीच्या उमेदीत आम्ही मुलांच्या तोंडचा हा ‘न’ सुधारण्यासाठी पुष्कळ छड्या आपटलेल्या आठवतात. पुढे सवडीने वररुचीचा ‘प्राकृतप्रकाश’ उघडला, तेव्हा पैशाची भाषेचे लक्षण सांगताना त्या वैयाकरणानेही ‘ण’चा ‘न’ होतो असे नोंदवून ठेवलेले आढळले. मुले पैशाची बोलत होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यास आपण अशुद्ध म्हणतो त्यासही कोठे तरी वंशावळ असते, एवढे ध्यानात ठेवणे बरे.

प्राचीनता हवी असणाऱ्यांनी पुढे पवनीस जावे. तेथे १९६९-७० साली जे उत्खनन झाले त्यात बौद्ध स्तूप निघाले. भार राजा भगदत्त याचा शिलालेख तेथेच सापडला व महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. कन्हान व वैनगंगा यांच्या संगमावरील अंभोरे हे मुकुंदराजाच्या ‘विवेकसिंधु’चे जन्मस्थान असे विदर्भातील पुष्कळ विद्वान मानतात, अंबेजोगाईकर अर्थातच मानीत नाहीत. असो. आमचा विषय जिवंत माणसांचा आहे.

धानाचे वर्ष मृग नक्षत्रापासून धरावे. पहिल्या सरींबरोबर शेताच्या एका कोपऱ्यात दाट बी टाकतात. त्या कोवळ्या रोपांस पऱ्हे म्हणतात. तीन-चार आठवड्यांनी पऱ्हे उपटून चिखल केलेल्या बांधीत ओळीने लावावयाचे, ही रोवणी. हे काम बहुतेक सर्व स्त्रियांचे. डोकीवर पाऊस, पोटरीपर्यंत चिखल, आणि पाठ सकाळपासून सायंकाळपर्यंत वाकलेली. एका रांगेत वीस-पंचवीस बाया मागे मागे सरकत जातात आणि त्यांच्यापुढे तांबड्या चिखलावर हिरवे पाते उमटत जाते. रोवणीच्या पंधरवड्यात शाळेचे हजेरीपट ओस पडत. थोरल्या मुली शेतात, त्यांच्याहून धाकट्या घरी लहानग्यांस सांभाळण्यास. त्या गैरहजेरीचे कारण आम्ही पटावर काय लिहावे हा प्रश्न आम्हांस दरवर्षी पडे; ‘आजारी’ लिहिणे खोटे होते आणि खरे लिहिण्यास रकाना नव्हता.

यानंतर निंदण, खत, आणि वाट पाहणे. धानाची खरी परीक्षा भाद्रपद-आश्विनात होते. लोंब्या निसवतात, दाण्यात दूध भरू लागते आणि नेमक्या त्याच सुमारास पाऊस पाठ फिरवतो. उत्तरा व हस्त ही दोन नक्षत्रे कोरडी गेली तर तीन महिन्यांची मेहनत पोचट दाण्यांच्या रूपाने हाती येते. त्या वेळी बांधीत एक पाणी मिळाले की पीक हाती लागते. हलके धान दिवाळीच्या आगेमागे कापले जाते, भारी धान त्यानंतर. धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोळीचे बी फेकून देण्याची रीत आहे. धान कापून नेले की खालून लाखोळी वर येते, नांगरणी न करता. तणस गुरांस जाते, कोंडा-भुसाही वाया जात नाही.

ते एक पाणी कोठून यावे, या प्रश्नाचे या मुलखाने जे उत्तर शोधले ते म्हणजे तलाव. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधिले. नवेगावबांधचा प्रचंड जलाशय कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे परंपरा सांगते. यंत्रे नव्हती, नकाशे नव्हते. जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घातली, पाणी सोडण्यास तुडुम ठेवले आणि जादा पाणी निघून जाण्यास सलंग. भोसल्यांच्या नंतर इंग्रजी अमलात गावोगावचे मालगुजार जमिनीचे मालक ठरले व तलाव त्यांच्याकडे गेले. म्हणून आजही सरकारी दप्तरात ते ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने नांदत आहेत. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सुमारे सात हजार आहे. बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, त्याहून वेगळ्या.

या मालगुजारांत ब्राह्मण घराणीही पुष्कळ होती. आमच्या वाचकांपैकी काहींच्या आजोबा-पणजोबांच्या वाड्यांत तुडुमाचे पाणी कोणास आधी द्यावयाचे याचे निवाडे झाले असतील. त्या काळाचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. वेठबिगार होती, मालगुजाराचा शब्द मोडण्याची कुळाची प्राज्ञा नव्हती. परंतु उन्हाळ्यात गाळ काढणे, पावसाळ्यापूर्वी पाळीस माती घालणे, सलंग मोकळी ठेवणे ही कामे कोणी करावयाची याविषयी गावात संदेह नसे. १९५० साली तेव्हाच्या मध्यप्रदेशच्या विधिमंडळाने मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला व ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. अन्याय गेला हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर तलाव सरकारजमा झाले. कालांतराने लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. आणि पाळीवर उभा राहून ‘हे माझे काम’ म्हणणारा माणूस मात्र कोणी उरला नाही. गाळ साचला, काठावर बेशरमाची झुडपे माजली, पोटातील कोरड्या जमिनीवर अतिक्रमणे झाली.

येथे एक गोष्ट आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. धानाच्या शेतीत पाणी नळातून येत नाही. ते वरच्या बांधीतून धुऱ्याची माती जराशी कापून खालच्या बांधीत सोडावे लागते, तेथून आणखी खाली. बाप गेल्यावर चार भावांनी वाटण्या केल्या, चुली वेगळ्या झाल्या, सातबारा वेगळे झाले, तरी पाणी वेगळे होत नाही. वरची बांधी थोरल्याची, खालची धाकट्याची. दोघांत सहा महिने बोलणे नसले तरी हस्त कोरडा चालला म्हणजे धाकटा सांजेस थोरल्याच्या ओसरीवर येऊन बसतो. ‘दादा, उद्या धुरा कापू का?’ एवढेच विचारतो. ‘काप’ म्हणण्यावाचून थोरल्यास गत्यंतर नसते, कारण त्याच्याही वर कोणाची तरी बांधी असते. वकिलांनी मिटविले नसते असे कलह या एका प्रश्नाने मिटलेले आम्ही पाहिले आहेत. आता ज्यास ऐपत आहे तो आपल्या शेतात विंधण विहीर घेतो, आणि ज्यास ऐपत नाही तो ओसरीवर येतच नाही, कारण विचारण्यासारखे काही उरलेले नसते.

वैनगंगेवर पवनीच्या वरच्या अंगास गोसेखुर्द येथे जे धरण झाले त्याचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. तो पुढे कित्येक हजार कोटींवर गेला. २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेहतीस दरवाजे, डावा कालवा सुमारे २३ किलोमीटर, उजवा ९९ किलोमीटर, आणि अडीच लाख हेक्टरांवर सिंचनाचे उद्दिष्ट. ज्या दिवशी कुदळ पडली त्या दिवशी जन्मलेले मूल आज चाळिशीकडे झुकले आहे. ज्यांच्या शिवारास कालव्याचे पाणी मिळाले त्यांस उन्हाळी धानाचे दुसरे पीक काढता येऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांची घरेदारे बुडिताखाली गेली त्यांनी नव्या वसाहतीत देव मांडले, पण जुन्या गावची ओसरी त्यांस मिळाली नाही.

आणखी एक गोष्ट नागपूरकर वाचकांनी ऐकून घ्यावी. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीत जाते, नाग नदी कन्हानेस मिळते आणि कन्हान वैनगंगेस. ते सर्व येऊन गोसेखुर्दच्या जलाशयात साठते व पाण्यावर जलपर्णी पसरते. ज्यांचा भात आपण खातो त्यांच्याकडे आपण मोबदला म्हणून काय पाठवितो, याचा विचार शहरातील नळ सोडताना क्षणभर तरी मनात यावा.

भाताविषयी बोलायचे तर पूर्वी या भागात चिन्नोर, लुचई, दुबराज अशी वाणे पिकत. चिन्नोराचा भात शिजला की शेजारच्या घरास कळे. हल्ली आमच्या गृहिणी दुकानदाराकडे ‘एचएमटी’ मागतात. ते वाण कोण्या प्रयोगशाळेत जन्मले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या जेमतेम दीड एकराच्या शेतकऱ्याने १९८३ साली आपल्या शेतातल्या ‘पटेल ३’ या वाणात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या वेचून निराळ्या लाविल्या, आणि वर्षानुवर्षे निवड करून हे वाण सिद्ध केले. व्यापाऱ्याने त्यास त्या काळी मनगटावर मिरविल्या जाणाऱ्या घड्याळाचे नाव दिले. दादाजींचे शालेय शिक्षण तिसरीपर्यंतचे. ३ जून २०१८ रोजी ते वारले. लाखो एकरांवर त्यांचे वाण उभे होते, आणि त्यांचा अखेरचा काळ हलाखीत गेला.

सामान्य धानाचा सरकारी हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलास २३६९ रुपये ठरला. भाव कागदावर असतो; खरेदी केंद्र उघडण्यास उशीर झाला किंवा गोदामात जागा नसली की गरजू माणूस व्यापाऱ्यास मिळेल त्या दराने माल घालून मोकळा होतो. ज्याच्या घरी लग्न ठरले आहे त्यास थांबता येत नाही. अशा स्थितीत कोंढ्यासारख्या गावची शिकलेली मुले नागपूर-पुण्याकडे वळली तर त्यांस दोष कोणी द्यावा? आमचेच काही जुने विद्यार्थी कारखान्यांत आहेत. त्यांस विचारले तर पगाराचा आकडा सांगतात आणि लगेच गावी पाऊस कसा आहे ते विचारतात.

अलीकडे मात्र एक चांगली वार्ता आहे. अर्जुनी-मोरगावच्या बाजूस ढीवर समाजातील स्त्रियांनी पुढाकार घेऊन काही तलावांतील बेशरम मुळासकट उपटली, तळाशी देशी पाणवनस्पती लाविल्या, आणि जे देशी मासे दिसेनासे झाले होते ते पुन्हा जाळ्यात येऊ लागले. सरकारनेही २०१७ पासून तलावांचा गाळ काढून तो शेतात घालण्याची योजना चालविली आहे. गाळ हे उत्तम खत. पूर्वजांस ते ठाऊकच होते.

दिवाळी आटोपली, धान खळ्यावर आले, म्हणजे या मुलखात गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकाने व पाळणे, रात्री दंडार किंवा नाटक. वडसा-सिंदेवाहीकडील झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या हिवाळाभर फिरत असतात. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. तणसावर घोंगडी अंथरून सारे गाव बसलेले असते. बाहेरगावी गेलेली मुले या दिवसांत रजा काढून येतात. थोरला, धाकटा, त्यांच्या बायका, शेजारी एकाच घोंगडीवर दाटीवाटीने बसतात, आणि दोन अंकांच्या मध्ये चहा घेताना बोलणे निघते ते बहुधा एकच: यंदा तलावात पाणी किती आहे, कालव्यास कधी सुटणार, आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे केव्हा टाकावयाचे.